सातव्या नंबरची फरशी

सूर्यभान मिस्त्रीनं बावीस वर्षांत या शहरात किती ओटे बसवले, याची गणती त्याला स्वतःलाही सांगता आली नसती. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांचे, सिडकोतल्या मास्तरांचे, हर्सूलला तुरुंगाच्या मागं उठलेल्या नव्या कॉलन्यांमधले. कुणाच्या ओट्याला कोणता दगड आणि जोड कुठं घेतलाय, हे त्याला गल्लीच्या नावासकट पाठ. आणि त्याची स्वतःची बायको बानाबाई मात्र शहराबाहेर शेंद्र्याच्या घरात खाली फतकल मारून भाकरी थापायची.

लोक चेष्टा करायचे. सूर्यभान ती हसण्यावारी न्यायचा. खरं सांगायचं तर ओट्याच्या विटांचे पाये त्यानं पाच वर्षांपूर्वीच बांधून ठेवले होते. वर दगड टाकायचा तेवढा राहिला होता. त्याच आठवड्यात त्यांचा पोरगा कडूबा पहिल्या पाळीला म्हणून घरून निघाला आणि परत आलाच नाही.

एकुलतं एक पोरगं. आधीची दोन पाळण्यातच गेली, म्हणून याच्यावर काळाची नजर पडू नये यासाठी असलं कडू नाव ठेवलेलं. त्यांच्या वस्तीवर तशी रीतच होती. चोवीस वर्षांचा, दारू नाही, भांडण नाही, कुणाचं घेणं ना देणं. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा. घरापासून कंपनीचं गेट जेमतेम दीड किलोमीटर, मधे सरळ सडक. गेटावर तो पोचला नव्हता. त्या दीड किलोमीटरात धडधाकट पोरगं कुठं गेलं हे पोलिसांना सापडलं नाही, दवाखाने पालथे घालून सूर्यभानला सापडलं नाही. बानाबाई एवढंच म्हणाली, "कडूबा आल्याबगर वटा नाय करायचा." झालं. ती म्हणाली म्हणजे विषय संपला.

यंदा संक्रांतीनंतर तिच्या डाव्या गुडघ्यानं हात टेकले. चालताना ती डाव्या अंगाला झुकायची, खाली बसता येत नव्हतं, बसली की उठता येत नव्हतं. डॉक्टरनं बजावलं, खाली बसून स्वयंपाक बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चला. पर दगड मी निवडणार."

फारूखभाईंचा गाळा बीड बायपासला. लोखंडी घोड्यांवर कलत्या उभ्या केलेल्या फरश्या, अंगणभर भुकटीचा पांढरा थर, कटरची कानठळ्या बसवणारी चिरचिर. सूर्यभानला इथं घरच्यासारखं वाटायचं. बानाबाई पदर नाकाला लावून फिरली. काळा नको म्हणाली, तव्यावर तवा ठेवल्यासारखं दिसंल. लाल नको. चमकीचे ठिपके असलेला तर अजिबात नको, वट्यावर माशी बसलेली कळायची नाही. फारूखभाई हसले. साठीचा माणूस, धंद्यात मुरलेला, त्यांनी असली गिऱ्हाइकं हजार पाहिलेली.

"भाभी, मग हे बघा. कोपऱ्यातलं."

कोपऱ्यात सात फरश्या होत्या. राखेच्या रंगाच्या, मधेमधे काळपट डाग. प्रत्येकीच्या वरच्या कडेला खडूनं आकडा, एक ते सात. एकाच ठोकळ्याच्या, फारूखभाई म्हणाले, बाकीचा माल कुठं गेला माहीत नाही, आमच्याकडं एवढाच आला. सूर्यभाननं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. टणटणीत आवाज. कुठं तडा नाही, पोकळी नाही. दगड सोन्यासारखा होता.

कोरडा दगड खोटं बोलतो, असं मिस्त्री लोक मानतात. खरा रंग पाणी मारल्यावर कळतो. सूर्यभाननं ओला फडका घेऊन एक नंबर पुसली.

डाव्या बाजूला दोन फिकट उभ्या रेघा वर आडव्या रेघेला जुळलेल्या, दाराच्या चौकटीसारख्या. चौकटीच्या आत, डावीकडं, वीतभर उंचीचा एक काळा डाग, कुणी उकिडवं बसावं तसा. बाकी सगळा दगड मोकळा. फक्त पार उजव्या कडेला बोटाच्या पेराएवढा आणखी एक उभा डाग.

"माणूस बसलाय," बानाबाई म्हणाली.

"डाग हाय त्यो," सूर्यभान म्हणाला.

हमालांनी एक नंबर पुढं ओढून दोन नंबर मोकळी केली. त्यानं पाणी मारलं. चौकट तिथंच, बसलेला डाग तिथंच. उजवीकडचा डाग चार बोटं आत सरकलेला, आणि थोडा मोठा. तीन नंबरवर अजून आत. चार नंबरवर तो करंगळीएवढा झाला होता आणि त्याला पाय फुटल्यासारखे दिसत होते. एका अंगाला किंचित झुकलेला.

आता दगडाचं काम करणाऱ्यालाच दगडात माणसं दिसायला लागली तर त्यानं दुसरा धंदा बघावा. सूर्यभानला कारण ठाऊक होतं. ठोकळ्याचे काप पावाच्या कापांसारखे एकामागं एक पडतात. ठोकळ्यात एखादी शीर सरळ गेलेली असली की तिचा डाग प्रत्येक कापावर त्याच जागी येतो. तिरकी गेलेली असली की डाग सरकत जातो. बसलेला म्हणजे सरळ शीर, चालणारा म्हणजे तिरकी शीर. एवढंच. त्यानं ते बायकोला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती एकेका फरशीला हात लावत होती.

"ही मी," ती बसलेल्या डागावर बोट ठेवून म्हणाली. "दाराशी बसलेली. अन् ह्यो येतुया. बघा की, लांबून येतुया. खांद्याला वझं हाय, म्हणून झुकलाय."

फारूखभाईंनी सूर्यभानकडं पाहिलं. त्यांना घरची गोष्ट माहीत होती. ते खाली बघायला लागले.

सहा नंबरवर तो डाग चौकटीच्या बाहेर हातभर अंतरावर होता. सात नंबरवर चौकटीच्या ऐन उंबऱ्यात. बसलेला आणि उभा, दोघं शेजारी.

"सातवी घ्या," बानाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसत होती. पाच वर्षांत ती अशी हसली नव्हती. काय बिघडतं, सूर्यभानला वाटलं. ओट्यावर पोरगं आल्यासारखं वाटून तिला बरं वाटणार असेल तर वाटू दे. आपण दुसऱ्यांच्या बायकांसाठी काय काय नखरे पुरवले.

त्यानं सातवी घेतली. आणि खरंच, माप टाकताना त्यानं जिवापाड काळजी घेतली. गॅस आणि भांडी धुण्याच्या सिंकचा काप दोन्ही उजवीकडं ढकलले, म्हणजे डावीकडचे ते दोन डाग आणि चौकट अखंड राहतील. गुरुवारी दुपारी फरशी पायांवर बसली. लेव्हल लावून तपासली, केसाचाही फरक नव्हता. बानाबाईनं हळदकुंकू वाहून नारळ फोडला. ती उभ्यानं पहिली भाकरी थापत होती आणि सूर्यभान बाजूला उभा राहून नुसता बघत होता.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो ओट्याची कड घासून गोलाई काढत होता. दारात सावली पडली. त्यानं वर पाहिलं.

कडूबा उभा होता.

सूर्यभानच्या हातातला घासायचा दगड सुटला आणि पायावर पडला. त्याला लागल्याचं कळलंही नाही. निळा शर्ट. हातात डबा. आदल्या रविवारी न्हाव्याकडं कापलेले केस, कानामागं पांढरी रेघ अजून तशीच. पाच वर्षांपूर्वीचा आदला रविवार. एकोणतीस वर्षांचा माणूस असायला हवा होता. दारात चोवीस वर्षांचं पोरगं उभं होतं.

बानाबाईनं मागं वळून पाहिलं. "आलास?" ती म्हणाली. "हात धू."

मग मात्र ती त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली, की शेजारची म्हाळसाबाई भाकरीचा हात तसाच घेऊन धावत आली. अख्खी आळी गोळा झाली. पेढे वाटले. पोलिसात जाऊन सूर्यभाननं सांगितलं, पोरगा परत आला. हवालदारानं विचारलं, कुठं होता? तेच सूर्यभाननं घरी विचारलं होतं, पाच वेळा, दहा वेळा.

"चालत व्हतो," कडूबा म्हणायचा.

"कुठं चालत व्हतास?"

"सडकंनं."

त्यापलीकडं एक शब्द नाही. डोक्याला मार बसला असेल, विसर पडला असेल, लोक म्हणाले, होतं असं. सूर्यभाननंही तेच धरलं. सुख दारात आल्यावर त्याला ओळखपत्र कोण मागतं? पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. पहिल्या दिवशी बानाबाईनं डबा उघडला तेव्हा तो शेजारीच होता. आत दोन भाकरी आणि मेथीची भाजी होती. भाजी कोमट होती. बानाबाईनं वास घेतला, नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि डबा राखेनं घासून टाकला.

पोरगं जेवायचं, झोपायचं, विचारलं तर हो-नाही म्हणायचं. दिवसभर मात्र एकाच जागी असायचं. स्वयंपाकघराच्या दारात, आतल्या बाजूला, उकिडवं, हनुवटी गुडघ्यावर टेकून. बानाबाई ओट्याशी उभी, तो तिथं बसलेला. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती जुन्या गोष्टी सांगत राहायची आणि तो ऐकत राहायचा. ती खुश होती. सूर्यभान बाहेरून हा देखावा बघायचा आणि त्याला भरून यायचं. कधी कधी अंगावर काटाही यायचा. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

आठव्या दिवशी तो मागच्या पट्टीसाठी निघाला. ओटा भिंतीला टेकतो तिथं चार बोटांची दगडी पट्टी लावावी लागते, नाहीतर पाणी फटीत शिरतं. पट्टी त्याच लॉटची हवी, रंग जुळायला. म्हणजे सहा नंबर. सकाळी अकरा-साडेअकराला तो फारूखभाईंच्या गाळ्यावर पोचला.

"मुबारक हो, मिस्त्री," फारूखभाईंनी मिठी मारली. "ऐकलं आम्ही. भाभीची दुवा कबूल झाली."

"सात नंबरच्या शेजारची द्या. सहाची. पट्टी काढायचीय."

"ले जाव. उचला रे." हमालांनी सहा नंबर घोडीवरून उचलून आडवी धरली. फारूखभाई वाकून तिच्या खालच्या कडेला काहीतरी बघत होते. "फॅक्टरीचा दोन नंबर आहे हिला. लिहून ठेवतो."

"दोन कसा? सहा हाय ना?"

"सहा आमचा. उतरवताना खडूनं टाकतो आम्ही. ट्रकमध्ये जी पहिली चढते ती शेवटी उतरते, तिला आमचा सात. कापल्याचा खरा आकडा खाली लाल रंगात असतो, हे काय. तुम्हाला मी सांगायचं का हे?"

नव्हतं सांगायचं. बावीस वर्षं सूर्यभान गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता, खडूचा आकडा धरू नका, लाल बघा, जोड चुकेल. शिकाऊ माणसानंही करू नये ती चूक त्यानं स्वतःच्या घरी केली होती. बायको हसत होती, आणि तो खाली वाकलाच नव्हता.

घरी बसवली ती पहिली. सातवी नव्हे.

त्यानं फडका ओला केला. सहावर, म्हणजे दोनवर, पाणी फिरवलं. चौकट. आत उकिडवं बसलेलं कुणीतरी, हनुवटी गुडघ्यावर. हे त्यानं आठ दिवस रोज पाहिलं होतं, स्वतःच्या दारात. ती बानाबाई नव्हती. बानाबाईला बसताच येत नव्हतं.

आणि चौकटीच्या बाहेर हातभर अंतरावर तो उभा डाग. खाली रुंद, लुगड्याच्या घेरासारखा. डाव्या अंगाला झुकलेला. खांद्यावर ओझं नव्हतं त्याच्या. गुडघा दुखत होता.

तो पाचवर गेला. चारवर. तीनवर. प्रत्येक फरशीवर ती आणखी लहान होत गेली, आणखी कडेला. खडूच्या एकवर, म्हणजे खऱ्या सातवीवर, पेराएवढी उरली.

"क्या हुआ, मिस्त्री?" फारूखभाईंनी त्याचा दंड धरला. "तब्येत ठीक आहे ना?"

सूर्यभाननं फोन लावला. तीनदा वाजला. चौथ्याला तिनं उचलला.

"बाने, कुठं हायस?"

"घरीच की. दारात उभीय. ऊन लई छान पडलंय." तिचा आवाज मजेत होता. "काहून?"

"आत हो. दार लाव. कडूबाजवळ बस."

"आता बसता येतं व्हय मला?" ती हसली. "अन् इथं बघा की, सडकंवर..."

पुढं ती काही बोलली नाही.

"बाने?"

फोन चालू होता. त्यानं कानाला घट्ट लावला. पावलं ऐकू येत होती. खडीवर पडणारी. एक पाऊल जड, एक घासत.

त्यानं फोन हेल्मेटात कानाशी खोचला आणि गाडीला किक मारली. केंब्रिज चौक, जालना रोड. सिग्नल पाहिले नाहीत, ट्रक पाहिले नाहीत. तो वाटभर तिला हाका मारत होता, आणि कानात फक्त पावलं होती. एक जड, एक घासत. थांबत नव्हती, घाई करत नव्हती.

शेंद्र्याच्या फाट्यापासून घरापर्यंतची सडक त्यानं डोळे फाडून पाहिली. बाभळी, विजेचे खांब, कंपनीची बस. कुणी नव्हतं.

घराचं दार उघडं होतं.

बानाबाईच्या चपला दारात होत्या. गॅसवर दूध नुकतंच वर यायला लागलं होतं. त्यानं धावत जाऊन तो बंद केला, का केला त्यालाच कळलं नाही. म्हाळसाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, आत्ता तर होती की दारात, मी बोलले तिच्याशी.

तिचा फोन ओट्यावर पडला होता. चालू. पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते.

सूर्यभाननं हेल्मेट काढलं. आपला फोन कानाला लावला. खोलीत चिडीचूप होती, त्याच्या स्वतःच्या श्वासाशिवाय काही नाही. आणि कानात, आता पुष्कळ लांबून, तीच पावलं.

तो दाराकडं धावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाने! ए बाने!" सडक दोन्ही बाजूंना रिकामी होती. त्याचा घसा फाटला तरी तो ओरडत राहिला.

मागून कडूबा बोलला. दारात, आतल्या बाजूला, उकिडवा बसलेला. हनुवटी गुडघ्यावरून त्यानं उचललीही नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा तो आपणहून बोलत होता, आणि बापाला समजावावं तसं हळू, मायेनं.

"एवढ्या जोरात हाका मारू नगा, आबा. तिला ऐकू येतंया. वळता तेवढं येत नाय."